फॉरमॅटनंतर संगणक सुरू होत नाही, तेव्हा
(रत्नागिरी येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



शिक्षणाचे महत्त्व आपण अशा समारंभांतून नेहमीच ऐकतो. मी मात्र आज एका लहानशा, पण अनेक घरांत धास्ती निर्माण करणाऱ्या अडचणीविषयी बोलणार आहे. संगणकाच्या डिस्क पुसून नव्याने मांडल्या, म्हणजे आपल्या भाषेत ‘फॉरमॅट मारला’, आणि त्यानंतर संगणक सुरूच झाला नाही, तर काय करावे?

हा प्रश्न सध्या अधिक येतो याला कारण आहे. ‘विंडोज १०’ या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हा जुन्या यंत्रावर ‘विंडोज ११’ किंवा लिनक्स घालून पाहावे, असे मुलांना वाटणे साहजिक आहे. पण आपल्याकडे घरातला संगणक ही नुसती वस्तू नसते. वडील आखाती देशात नोकरीला, त्यांनी पैसे पाठवून तो घेतलेला. त्यात भावाबहिणींच्या लग्नाचे फोटो, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे कागद असे सारे साठवलेले. अशा वेळी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ आली की मुलगा घाबरतो. अब्बांना काय सांगू, या भीतीने तो गप्प राहतो आणि रातोरात आणखी काहीतरी करून पाहतो. माझे सांगणे एवढेच आहे की, पहिल्या फॉरमॅटने जे जात नाही, ते पुष्कळदा या दुसऱ्या घाईने जाते.

प्रथम संगणक सुरू कसा होतो ते पाहू. आपली शाळा डोळ्यांसमोर आणा. सकाळी शिपाई येतो, दिवे लागतात की नाही ते पाहतो, ठरलेल्या खुंटीवरून किल्ल्यांचा जुडगा घेतो, दार उघडतो. मग मुख्याध्यापक येऊन कारभार हाती घेतात. संगणकातला शिपाई म्हणजे मुख्य पाटीवरच्या चिपमध्ये राहणारा ‘बायोस’, नव्या यंत्रांत ‘यूईएफआय’. मुख्याध्यापक म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. या दोहोंमध्ये जी छोटीशी आज्ञावली असते, तिला बूट लोडर म्हणतात. तोच किल्ल्यांचा जुडगा. डिस्क पुसताना आपण पुष्कळदा अभावितपणे ही खुंटीच काढून टाकतो. इमारत शाबूत, शिपाई हजर, पण दार उघडत नाही. म्हणून यंत्र ‘मेले’ असे समजून लगेच नवी हार्ड डिस्क घेण्याचे कारण नाही.

आता तपासणीचा क्रम सांगतो. क्रम मोडू नये, कारण प्रत्येक पायरी पुढचीचा विचार सोपा करते.

पहिली पायरी विजेची. कळ दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का, पडद्यावर कंपनीचे चिन्ह तरी येते का? यातले काहीच होत नसेल, तर दोष फॉरमॅटचा नव्हे. वीजपुरवठा, मेमरीची पट्टी किंवा पडद्याची केबल पाहावी. आपल्या कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्यांवर गंज चढतो, हेही ध्यानात ठेवावे. पेटी उघडण्यापूर्वी मात्र वीज पूर्ण तोडावी.

दुसरी पायरी, शिपायाला डिस्क दिसते का? यंत्र सुरू होताच एफ-२ किंवा डिलीट ही कळ दाबत राहिले की बहुतेक यंत्रांत बायोसचा पडदा उघडतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत कळ वेगळी असते. तेथे डिस्कचे नाव नसेल, तर केबल सैल असेल किंवा डिस्क खरोखरच बिघडली असेल. नाव असेल, तर डिस्क बहुधा धड आहे, पुढे चला.

तिसरी पायरी क्रमवारीची. प्रथम कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे, हे तेथेच ठरवलेले असते. एखादा पेन ड्राइव्ह मागे विसरला असेल, तर यंत्र त्याच्यावरच प्रणाली शोधत बसते. तो काढा आणि योग्य डिस्क वर आणा. तारीख जुनीच दिसत असेल, तर पाटीवरची नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी संपली असावी. ती संपली की काही यंत्रे आपल्या मांडण्या विसरतात.

चौथी पायरी जरा बारकाईची आहे. डिस्कचे भाग नोंदवण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘एमबीआर’ ही १९८३ सालापासूनची, सुमारे २ टेराबाइटपर्यंतच पोचणारी. आणि ‘जीपीटी’ ही नवी. विंडोजच्या बाबतीत एमबीआर डिस्कला जुनी ‘लेगसी’ मांडणी लागते आणि जीपीटीला यूईएफआय. डिस्क एका पद्धतीची आणि शिपाई दुसऱ्या पद्धतीचा असला की दोघेही धड असून भेट होत नाही. ‘विंडोज ११’ साठी कंपनीने यूईएफआय आवश्यक ठरवले आहे. नव्या लॅपटॉपवर ही मांडणी बदलण्यापूर्वी एक सावधगिरी घ्या. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर बदलानंतर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती आधी शोधून वहीत लिहून ठेवा.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची. नेमके काय पुसले, हे शांतपणे आठवा. सी ड्राइव्ह पुसला असेल, तर मुख्याध्यापकच गेले. कोणतीही दुरुस्ती त्यांना परत आणणार नाही, प्रणाली नव्यानेच घालावी लागेल. पण समजा, घरात दोन डिस्क होत्या. विंडोज नव्या डिस्कवर होते आणि ‘रिकामी दिसते’ म्हणून जुनी पुसली. पुष्कळदा किल्ल्यांचा जुडगा त्या जुन्या डिस्कवरच राहिलेला असतो. सुमारे १०० मेगाबाइटचा तो भाग नेहमीच्या यादीत दिसतही नाही. अशा वेळी विंडोज जसेच्या तसे शिल्लक असते. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार करावी, तिच्यावरून यंत्र सुरू करावे आणि ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘रिपेअर’ निवडावे. तेवढ्याने भागले नाही, तर जाणकाराकडून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने बूट लोडर पुन्हा लिहून घ्यावा. प्रणाली नव्याने घालायची वेळ आलीच, तर त्या वेळेपुरती दुसरी डिस्क यंत्रातून काढून ठेवावी, म्हणजे जुडगा पुन्हा भलत्या खुंटीवर जाणार नाही.

आता फोटो आणि कागदपत्रांविषयी. ज्या डिस्कवरचे काही परत हवे आहे, तिच्यावर एक अक्षरही नवीन लिहू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ‘क्विक फॉरमॅट’ केला असेल, तर पुसली जाते ती बव्हंशी अनुक्रमणिका. पाने आत असतात आणि परत मिळवण्याची आशा असते. पूर्ण फॉरमॅटने मात्र पानेही कोरी होतात. नव्या एसएसडीत तर क्विक फॉरमॅटनंतरही आशा थोडीच असते. पुसली न गेलेली डिस्क असेल, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून आतल्या फायली दुसरीकडे उतरवता येतात. आधी उतरवून घ्या, मग दुरुस्तीला हात घाला. दुकानात यंत्र नेले, तरी हेच प्रथम सांगा. नाहीतर पुष्कळदा ‘नवीन टाकून दिले’ एवढेच उत्तर मिळते.

खरे शहाणपण अर्थातच फॉरमॅटपूर्वीचे आहे. वीज जाण्याचा संभव असेल, तर इन्व्हर्टर असल्याशिवाय हे काम काढू नये. आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घराबाहेर असावी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. एकाच कपाटातल्या दोन प्रती पुराच्या हिशेबी एकच.

पालकांना शेवटी एक विनंती. मुलगा किंवा मुलगी येऊन म्हणाली, ‘अब्बा, संगणक सुरू होत नाही,’ तर आवाज चढवण्यापूर्वी विचारा, ‘पडद्यावर काय लिहून आले?’ या एका प्रश्नाने मूल भीती सोडून विचार करू लागते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही ती ओळ वहीत उतरवून घ्या, काय केले ते क्रमाने लिहा आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा. यंत्र पुष्कळदा दुरुस्त होते. लपवण्यात गेलेला वेळ आणि पुसली गेलेली पाने परत येत नाहीत.