धबधब्यांच्या वाटेने : मांडू, बाघ आणि धाराजी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्या आमच्या भूगोलाच्या सरांना भाषणांचा मनस्वी कंटाळा असे. वर्गात नकाशा लावला की त्यावर दहा मिनिटे बोलायचे आणि पुढचे रविवारी पाहू म्हणून थांबायचे, ही त्यांची रीत. म्हणून आज मीही फार बोलणार नाही. त्यांच्याबरोबर ज्या वाटा चाललो, त्यांतल्या तीन वाटांविषयी काही सांगेन. तिन्ही वाटा पाण्याकडे जाणाऱ्या आहेत.

पवारांच्या मागोमाग धार-देवासला येऊन स्थिरावलेली आपली घराणी. महाराष्ट्रातल्या नातलगांकडे गेलो की ते सह्याद्रीतल्या धबधब्यांची वर्णने करीत, आणि आम्ही मुले खाली मान घालून ऐकत असू. माळवा म्हणजे सपाट काळी जमीन, येथे कुठला आलाय धबधबा, असा आमचाच समज होता. तो सरांनी १९६६ च्या श्रावणात मोडून काढला. आम्हांला घेऊन ते मांडूला गेले, परंतु जहाजमहालाकडे न वळता त्यांनी थेट काकडा खोह गाठले.

मांडूचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६३३ मीटर उंच आहे आणि माळव्याच्या पठारापासून ते या खोल दरीने तोडलेले आहे. पावसाळ्यात पठारावरचे ओढे दरीच्या काठावरून खाली झेपावतात. त्या दिवशी धुके इतके होते की पाणी दिसेना, नुसता घोष ऐकू येत होता. आम्ही हिरमुसलो. सर मात्र छत्री मिटून काठाजवळच्या एका दगडावर बसले आणि म्हणाले, "थांबा. ज्याला घाई आहे त्याने परत जावे." तासाभराने धुके वर उचलले गेले. समोरच्या कड्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या. एक, मग तीन, मग किती ते मोजण्याच्या पलीकडे. त्यानंतर मी पुष्कळ मोठे धबधबे पाहिले, पण त्या तासाभराची सर कशाला आली नाही.

तेथेच त्यांनी वह्या काढावयास लावल्या. पाणी कोठून आले, कशावरून पडते आणि कोठे जाते, एवढेच लिहायचे. पडते ते बसाल्टच्या थरांवरून. लाव्ह्याचे थर एकावर एक निजलेले. कठीण थर टिकतो, त्याखालचा सच्छिद्र, मऊ थर झिजतो आणि कडा तयार होतो. येते ते पठारावरच्या लहानशा पाणलोटातून, म्हणूनच पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास धार आटते. आणि जाते नर्मदेला. या शेवटच्या उत्तरावर सरांनी आम्हांला बराच वेळ खिळवून ठेवले. देवासला आमच्या कौलांवरून पडणारे पाणी क्षिप्रेतून चंबळ, यमुना, गंगा असे करीत पूर्वेच्या उपसागराला मिळते. काकडा खोहमध्ये पडणारे पाणी अरबी समुद्राची वाट धरते. विंध्याची कड म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. परीक्षेत त्यापूर्वी दोनदा लिहिले होते, तरीही.

दुसरी वाट बाघची. ही उन्हाळ्यातली. तेथे धबधबा नव्हे, तर धबधब्याच्या दगडाचा पूर्वज पाहावयाचा होता, असे सरांचे म्हणणे. धारच्या नैऋत्येस, नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरताना काळा बसाल्ट संपतो आणि त्याच्या खालून फिकट चुनखडी डोके वर काढते. सर खिशातून चाकू आणि लिंबू काढीत. खडक थोडा खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळले की बारीक फेस येई. "हा समुद्र बोलतो आहे," असे ते म्हणत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेले शिंपले आणि समुद्री जीवांचे सांगाडे म्हणजेच ही चुनखडी. आल्प्समध्ये किंवा क्रोएशियातल्या प्लिटवित्से सरोवरांत अशाच चुनखडीतून वाहणारे पाणी विरघळलेला चुना पुन्हा बाहेर टाकते आणि आपल्या धबधब्याचा बांध आपणच रचते. बाघचे थर पातळ, पाऊस चार महिन्यांचा. येथे तो थाट नाही. पण कथा त्याच द्रव्याची आहे.

समुद्र हटल्यानंतर आणि लाव्हा येण्यापूर्वीच्या काळातले लॅमेटा थर बाघ-कुक्षी भागात आहेत. त्यांत टायटॅनोसॉर जातीच्या डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदविणारा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी असेही उघड झाले की पाडल्या गावातले शेतकरी अशाच गोल दगडांची 'काकड भैरव' म्हणून, शिवाराचा राखणदार म्हणून, पिढ्यान्‌पिढ्या पूजा करीत आले आहेत. वर्तमानपत्रांनी याची थट्टा केली. मला ती रुचली नाही. ज्यांनी ते दगड फोडले नाहीत, सांभाळले, त्यांचे आपण ऋणीच आहोत.

तिसरी वाट धाराजीची. आणि खरे म्हणजे हीच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बागलीच्या पलीकडे, विंध्य उतरून नर्मदेवर पोहोचले की धाराजी. १९६८ च्या डिसेंबरात आम्ही अकरा मुले आणि सर बागलीपर्यंत मोटारीने गेलो. पुढे बैलगाडी आणि पायवाट मिळून दोन दिवस. साग, पळस, मोह. रात्री गोवऱ्यांवर भाजलेले बाफले आणि वर डाळ. शेवटच्या कोसभर अंतरात आवाज आधी पायांना जाणवला, कानांना मागाहून. अखंड नर्मदा खडकाच्या आडव्या पट्ट्यावरून सुमारे चाळीस फूट खाली कोसळत होती. काकडा खोहसारखी ही आटणारी धार नव्हती. ती बारमाही होती.

खालच्या कुंडात पाणी दगडांना भोवऱ्यात फिरवी. निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील, क्रिया तीच. फिरून फिरून दगड लंबगोल, गुळगुळीत होतात. हीच ती बाणलिंगे, जी देशभरच्या देवघरांत जातात. मी एक उचलून पिशवीत टाकला. परतीच्या वाटेवर सरांनी तो पाहिला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अजून घडत होता तो. पुढच्या खेपेला परत ठेव."

पुढची खेप होता होता राहिली. नोकरी, बदल्या, संसार. १९९० च्या उन्हाळ्यात आपल्या देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मी गावातच होतो. बादली घेऊन रांगेत उभा असताना धाराजीची आठवण आली होती; तरी गेलो नाही.

७ एप्रिल २००५ च्या रात्री, भूतडी अमावास्येच्या जत्रेला आलेले यात्रेकरू धाराजीच्या खडकांवर, पात्रातच मुक्कामाला होते. वर इंदिरा सागर धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी अंधारात येऊन पोहोचले. साठाहून अधिक माणसे गेली. 'पाणी कोठून आले', हा आमच्या वहीतला पहिला प्रश्न. बातमी वाचल्यावर ती वही मी काढली आणि पुन्हा मिटून ठेवली. २००७ मध्ये ओंकारेश्वर धरणाचा जलाशय भरला आणि धाराजीचा धबधबा त्याखाली गेला.

२००९ साली मी पिशवीत तो दगड घेऊन गेलो. रस्ता आता चांगला आहे, फारसे चालावे लागत नाही. समोर रुंद, शांत, हिरवट पाणी होते. आवाज मुळीच नव्हता. नावाडी म्हणाला, "बाबूजी, धार इथेच होती, आपल्या खाली." मी दगड पाण्यात सोडण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. भोवरा नसलेल्या पाण्यात टाकून तो परत ठेवल्यासारखे झाले असते का, याचे उत्तर मला सापडले नाही, आजही सापडलेले नाही. धरणांनी वीज आणि सिंचन दिले, हे मी जाणतो. माझ्या घरचा दिवाही त्यांत आला. तरीही धाराजीची आमच्या जिल्ह्यातल्या शाळांनी केलेली मोजमापे, चित्रे, नोंदी किती आहेत, असे मी विचारत फिरलो, तेव्हा माझ्या हाती आमच्या अकरा मुलांच्या वह्यांपैकी फक्त दोन लागल्या.

त्या दोन वह्या आणि तो दगड मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. भूगोलाच्या कपाटात जागा असेल तर ठेवावे. येत्या श्रावणात नववीच्या मुलांची सहल काकडा खोहला काढावी, अशी विनंतीही केली आहे आणि ती मान्य झाली आहे. छत्र्या, वह्या आणि एक लिंबू बरोबर असू द्यावे. धुके असल्यास थांबावे लागेल.