फ्यूजवरचा आकडा आणि जळालेली मोटर
(जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



शेतमालाच्या भावावर बोलणारी जाणती मंडळी व्यासपीठावर बसली आहेत. मला विजेवर बोलायला सांगितले आहे. मी मोटरी भरणारा माणूस. दुकानात जळालेली मोटर आली की तिच्याबरोबर एक गाऱ्हाणे हमखास येते, "फ्यूज तर शाबूत होता, मग मोटर जळालीच कशी?"

ही गफलत आकड्यापासून सुरू होते. फ्यूजवर १५ अँपिअर लिहिले आहे म्हणजे १५ च्या वर गेला की उडणार, असे आपण समजतो. तसे नाही. १५ म्हणजे तो सुखाने कायम वाहून नेईल एवढा करंट. बैलाचे रोजचे ओझे वेगळे आणि त्याची कंबर मोडणारे ओझे वेगळे. किटकॅटमध्ये बांधायची कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती १५ अँपिअरची धरतात, पण वितळते ३० च्या आसपास. एचआरसी फ्यूज जास्त काटेकोर. तरी २० अँपिअरचा एचआरसी २५ अँपिअर तासभर सोसतो, ३२ अँपिअर झाले तर तासाच्या आत जातो. शॉर्ट झाला तर मात्र डोळ्याचे पाते लवायच्या आत तुटतो. म्हणजे किती करंट, याच्याइतकाच किती वेळ, हाही हिशेब आहे.

एवढी ढिलाई कशाला ठेवली? तर मोटरसाठीच. ५ एचपीची मोटर चालताना साडेसात-आठ अँपिअर घेते. पण बटण दाबल्यावर पहिले काही क्षण ती सहापट, म्हणजे ४५ अँपिअरपर्यंत ओढते. एवढ्याला फ्यूज उडाला तर मोटर कधी फिरणारच नाही. म्हणून फ्यूज मोटरच्या करंटपेक्षा दुपटी-अडीचपटीचा घालावा लागतो.

आता पुढचा हिशेब तुम्हीच करा. चालू मोटरचा एक फेज गेला. उरलेल्या दोन फेजांत करंट पावणेदोनपट झाला, साडेसातचे १३ झाले. २० चा फ्यूज १३ अँपिअरकडे बघतसुद्धा नाही. व्होल्टेज ४१५ वरून ३२० वर आले आणि मोटर तेवढेच काम ओढत राहिली, तर करंट दहाच्या घरात जातो. फ्यूज गप्प, वायंडिंग मात्र भाजत असते. फ्यूज वायर आणि शॉर्टसाठी आहे. मोटर सांभाळायची ती स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेने आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरने. आणि आपण काय करतो? रिले सारखा पडतो म्हणून त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवतो. प्रिव्हेंटर तर लोडशेडिंगच्या वर्षांत कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटरी चालवताना काढला, तो पुन्हा बसवलाच नाही!

जुन्नरच्या आणे पठारावर आणि आंबेगावच्या लोणी-धामणीकडे हे का महाग पडते, ते तुम्हाला सांगायला नको. कुकडीच्या कालव्याखाली मोटर जळाली तर उसाला आठ दिवसांनी पाणी देऊन भागते. इथे विहिरीत तासा-दोन तासांचे पाणी, ज्वारी पोटरीत, आणि त्याच आठवड्यात मोटर वायंडिंगला. कपाशीवाल्या पाहुण्यांनी ज्वारीच्या जागी पात्या-बोंडांची वेळ धरावी.

त्यात वीज रात्रीची. बिबट्याच्या मुलखात एका हातात बॅटरी आणि एका हातात पक्कड घेऊन माणूस फ्यूज बांधतो. पुन्हा रात्रीत यायला लागू नये म्हणून तार जाड बांधतो. मी त्याला नावे ठेवणार नाही. दिवसा पुऱ्या व्होल्टेजची वीज मागणे हे आपले काम आहे आणि ते चालू राहील. पण जाड म्हणजे किती जाड? अडीच चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम वायरची काडी बांधली तर ती वितळायला शंभर-सव्वाशेच्या वर अँपिअर लागतात. तोवर केबल, स्टार्टर, मोटर यांपैकी काहीतरी पेटलेले असते. फ्यूज बांधलाच नाही, असे समजा.

डीपीवर हेच गावभर होते. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर दर फेजला ८४ अँपिअर देतो. ५ एचपीच्या दहा-अकरा मोटरी झाल्या की तो भरला. पंधरा चालू झाल्या तर फ्यूज जाणारच, जायलाच पाहिजे. तिथे तारांचा जुडगा पिळून घातला की फ्यूज टिकतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग पंधराही जण बसून. या मोटरींसाठी भार वाढवून मागा, लेखी मागा, सगळ्यांच्या सह्यांनी मागा.

आणि डीपीला हात लावू नका. फ्यूज काढला म्हणजे पुढची तार मेली, असे होत नाही. दुसऱ्या फेजवर कुणाची मोटर चालू असेल तर तिच्या वायंडिंगमधून वीज त्याच तारेत उलटी येते. "मी फ्यूज काढून मगच हात घातला होता," हे सांगायला माणूस उरत नाही. लाइनमनला बोलवा. उशीर होईल, भांडण होईल, होऊ द्या.

घरी गेल्यावर रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला आणा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर बहुतेक ठिकाणी रिले पाटीवरच्या आकड्याच्या ५८ टक्क्यांना लावायचा असतो, १५ अँपिअरच्या मोटरला पावणेनऊच्या आसपास. लावून रिले पडला तर रिलेला शिव्या देऊ नका, व्होल्टेज बघा, बेअरिंग बघा, पंपात गाळ आहे का बघा.

जेवणाच्या सुट्टीत मी क्लॅम्प मीटर घेऊन मंडपाच्या दाराशी बसेन. पाटीवरचा आकडा लिहून आणला असेल त्यांनी यावे. पाटी गंजली असेल त्यांनी एचपी सांगावी, दर एचपीला दीड अँपिअर धरून काढू. पाणबुडी मोटर असेल तर थोडे जास्त धरू.