जपानमधील माझी अक्षरओळख

सांगलीचे भडंग आणि साताऱ्याचे कंदी पेढे बरोबर बांधून मी दोन वर्षांपूर्वी वैशाखात टोकिओस गेलो, आणि आषाढी एकादशीच्या आधी परत आलो. उण्यापुऱ्या दोन महिन्यांच्या मुक्कामावर एखाद्या देशाविषयी निकाल देण्याचा अधिकार कोणासही प्राप्त होत नाही, हे मी जाणतो. छत्तीस वर्षे मुलांना अक्षरे शिकविणारा एक मॅट्रिक झालेला मास्तर तेथे निरक्षर म्हणून कसा राहिला, त्याने काय खाल्ले, काय पाहिले, आणि परत येताना कोणती रुखरुख बरोबर आणली, एवढेच आज निवेदन करावयाचे आहे.

माझे चिरंजीव टोकिओच्या पूर्व भागात, एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे राहतात. इसवी सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी गेलेल्या आपल्याकडील तरुणांची वस्ती या बाजूस वाढत गेली. तेथील किराणा दुकानात तूरडाळ मिळते, जिरे मिळते; हळदीच्या पुड्यावर सांगलीचे नाव दिसते का, हे पाहण्याची मला खोडच लागली होती. पुण्याच्या विद्यापीठात शिकलेले श्री. योगेंद्र पुराणिक हे २०१९ साली याच एदोगावाच्या लोकनियुक्त सभेवर निवडून आले, आणि पुढे एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. हे ऐकून माझ्यातील मास्तरास मोठा धीर आला. परंतु दुसऱ्याच्या विद्येने आपले पोट भरत नाही, हे लवकरच कळून आले.

आगगाडीच्या स्टेशनांवर इंग्रजी पाट्या असतात. तेथवर माझे मॅट्रिकचे इंग्रजी पुरले. गल्लीत वळलो की सर्व आधार सुटे. दुकानातील डबे, दाराला चिकटविलेली सूचना, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवावा याचे पत्रक, यांतील एक अक्षरही मला लागेना. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या व कागद वेगळे, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. पहिल्याच आठवड्यात मी भलत्या वारी भलती पिशवी ठेवून आलो. ती जशीच्या तशी तेथेच राहिली, वर एक चिठ्ठी चिकटविलेली. चिठ्ठीत काय लिहिले आहे, हे विचारण्यासाठी मला ती माझ्या आठ वर्षांच्या नातवाकडे न्यावी लागली.

मी माळकरी आहे. तेव्हा खाण्याच्या बाबतीत निरक्षरपणाची किंमत अधिकच मोजावी लागली. जपानात तांदळाच्या खरपूस चकत्या मिळतात. त्यांना 'सेन्बेइ' म्हणतात. आपल्या पापडाचीच ती जाड बहीण म्हणावी. एके दिवशी मी स्वतः दुकानात जाऊन पुडा आणला आणि चहाबरोबर दोन चकत्या मोठ्या आवडीने खाल्ल्या. इतक्यात नातू शाळेतून आला, पुडा उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, यावर 'एबी' लिहिले आहे. एबी म्हणजे कोळंबी." पुढे काय झाले, ते सांगत नाही.

त्यानंतर बाजारात एके ठिकाणी लोखंडी साच्यात भाजलेला, खवले आणि शेपटी असलेला हुबेहूब मासा कोणी पुढे केला, तेव्हा मी दोन पावले मागे सरलो. सूनबाई हसू लागली. त्याचे नाव 'तायाकी'. नाव माशाचे, रूप माशाचे, आणि आत मात्र लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड पुरण! पिठात अंडे नाही, याची तिने आधीच चौकशी केली होती. पोटात पुरणपोळी असलेला तो मासा मी खाल्ला, आणि साध्यासुध्या दिसणाऱ्या चकतीने केलेली माझी फसवणूक आठवून मनाशी म्हटले, की ज्याला वाचता येत नाही त्याने रूपावर मुळीच विसंबू नये. पुढे भाताचा त्रिकोणी गोळा, आत 'उमे' नावाचे खारवलेले आंबट फळ आणि बाहेर समुद्रातील शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, हेच माझे प्रवासातील नेहमीचे खाणे झाले. मात्र पुडा प्रथम नातवाच्या हाती द्यावयाचा, हा नियम ठरला.

त्यानेच मग माझी पाटी सुरू केली. जपानी मुलांना सहा वर्षांच्या प्राथमिक शाळेत १,०२६ चित्राक्षरे शिकावी लागतात, आणि नित्याच्या वापरातील अशी २,१३६ ठरवून दिलेली आहेत. तो डोंगर माझ्याच्याने चढणे शक्य नव्हते. परंतु उच्चारानुसार लिहिण्याच्या ज्या दोन लिप्या आहेत, त्यांत मूळ अक्षरे प्रत्येकी ४६ आहेत. नातू म्हणू लागला, "अ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को." मी चमकलो. पुढे स, त, न, ह, म, य, र, व. ही तर आपलीच वर्णमाला! च च्या जागी स आहे, आणि प च्या जागी ह. त्या ह चा उच्चार प्राचीन काळी प सारखा होता, असे भाषापंडित सांगतात. संस्कृताचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तेथे रूढ झाला. छत्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेली बाराखडी इतक्या दूर माझ्या नातवाच्या तोंडून मला परत मिळाली.

रविवारी चिरंजीव आम्हास हिंडावयास नेत. ज्येष्ठात, मृगाच्या सुमारास, तेथेही पावसाची झड लागते. उमेची फळे पिकण्याच्या दिवसांतला पाऊस म्हणून त्यास 'त्सुयु' हे नाव आहे. अशाच भुरभुरीत आम्ही आसाकुसा येथील सेन्सोजी देवळास गेलो. इसवी सन ६२८ मध्ये दोघा कोळी भावांच्या जाळ्यात नदीतून एक मूर्ती आली आणि तेथे हे देवस्थान झाले, अशी कथा आहे. ती मूर्ती 'कान्नोन' म्हणजे आपल्याकडील अवलोकितेश्वराची. वेशीवर ३.९ मीटर उंचीचा तांबडा कंदील टांगलेला असून, दोन्ही अंगांस वारा व मेघगर्जना यांचे देव उभे आहेत. १९४५ च्या बाँबवर्षावात मुख्य देऊळ जळाले, ते लोकांनी १९५८ मध्ये पुन्हा उभे केले. वेशीपासून देवळापर्यंत दुतर्फा दुकाने, थेट आपल्या जत्रेसारखी. फरक एवढाच, की चालता चालता खाऊ नये, अशी तेथे रीत आहे. तेथील प्रसिद्ध खाऊ 'कामिनारी-ओकोशी' मी तोंडात टाकला आणि सांगली आठवली. फुलविलेला तांदूळ, साखरेचा पाक आणि शेंगदाणे. चुरमुऱ्याचा लाडू वडीच्या आकारात बसविला, इतकेच!

उएनो येथील तळ्यात, कमळाच्या पानांच्या गर्दीमध्ये, बेन्तेनचे देऊळ आहे. ही बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती. जपानात तिच्या हाती बहुधा वीणेऐवजी 'बिवा' नावाचे तंतुवाद्य देतात. मिरजेच्या सतारीचे सूर ऐकत वाढलेल्या मला ते परके वाटले नाही. हात जोडताना एवढेच मागितले, की या वयात पुन्हा विद्यार्थी केलेस, तर थोडी बुद्धीही दे.

ती मागणी तिने जरा वेगळ्याच रीतीने पुरविली. त्या वस्तीत परदेशी लोकांसाठी विनावेतन भाषेचा वर्ग चालतो. सूनबाईने मला तेथे नेऊन बसविले. शिकविणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. प्रत्येकाने आपले नाव सांगावयाचे होते. जपानीत दुसऱ्याच्या नावापुढे 'सान' लावतात. स्वतःच्या नावापुढे कधीच नाही. जन्मभर 'मी अमुक गुरुजी' असे सांगण्याची सवय असलेल्या मी आपल्या आडनावापुढे खणखणीत 'सान' लावून दिला. कोणी हसले नाही. बाईंनी 'चुकले' असेही म्हटले नाही. त्यांनी स्वतःकडे बोट करून आपले आडनाव सावकाश, 'सान' न लावता उच्चारले, मग माझ्याकडे हात करून माझे आडनाव 'सान' लावून घेतले, आणि पुन्हा विचारले, "आपण?" मला उमगले. मी बरोबर उत्तर दिले. कान मात्र तापले होते.

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप आली नाही. कित्येक वर्षांपूर्वी जत तालुक्याच्या सीमेवरील एका खेड्यातून एक मुलगा माझ्या वर्गात आला होता. घरी कानडी बोलणारा. वडील पोटासाठी इकडे आलेले. एके सकाळी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, माझा पाटी फुटला." वर्ग हसला. मुले हसली, ते त्यांचे वय होते. पण मीही हसलो. वर 'माझी पाटी फुटली' हे वाक्य त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले. कानडीत 'माझा, माझी, माझे' असा भेद नाही, आणि निर्जीव वस्तू सर्व एकाच लिंगाच्या, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असे वाटलेही नाही. त्यानंतर वर्षभर तो मुलगा विचारल्यावाचून बोलला नाही. त्याची पाटी कशी फुटली, नवी मिळाली की नाही, हे मी विचारलेच नव्हते.

त्याचा ठावठिकाणा मला लागलेला नाही. क्षमा मागावी, तर कोणाकडे?

परत आल्यावर पाहतो, तो आमच्या घराशेजारी बांधकाम चालू होते, आणि विजापूरकडील एक कुटुंब तेथे झोपडीत राहत होते. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी कुंपणाशी उभी राहून आमच्या ओसरीकडे पाही. एके संध्याकाळी मी तिला भडंगाची वाटी दिली आणि बोट दाखवून, खुणेनेच, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" असे विचारले. ती दबकत म्हणाली, "चुरमुरी."

चुरमुरे आणि चुरमुरी! त्या मुलाच्या आणि माझ्यामध्ये हा शब्द तेव्हाही तयार होता. मी तो कधी विचारला नाही. आता ती मुलगी रोज संध्याकाळी येते; एक शब्द ती मला देते, एक मी तिला देतो. चुका माझ्याच अधिक होतात, आणि ती मनमुराद हसते. तिला हसू द्यावे, असे मी ठरविले आहे.