कान वाजतोय, पण कसा?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आरोग्य विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखादीला नसलेलं काही ऐकू आलं की घरचे हसून म्हणतात, "तुझे कान वाजले." म्हणजे भास झाला. या चेष्टेपायी कितीतरी बाया गप्प बसतात. फार तर "कानमा वाजस" एवढं म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

पण कान वाजणं हा भास नाही. तो स्वतः आजारही नाही. ताप येतो तशी ती आतल्या बिघाडाची खूण आहे. आणि तो आवाज बहुतेक वेळा फक्त तुम्हालाच ऐकू येतो, डॉक्टरांना नाही. म्हणून आवाज कसा आहे, हे तुम्ही नीट सांगितलं की निम्मी तपासणी तिथेच होते.

आधी एक करून बघा. शांत बसा, मनगटावर नाडी धरा. कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धक-धक, सूं-सूं होतो का? होत असेल तर तो रक्ताच्या वाहण्याचा आवाज असू शकतो. आपल्या बायांमध्ये याचं एक मोठं कारण म्हणजे अंगात रक्त कमी असणं. रक्त पातळ झालं की हृदयाला ते जोरात ढकलावं लागतं. सोबत धाप लागते, चक्कर येते, पाय ओढतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. बीपी आणि थायरॉईडमुळेही असा आवाज येतो. हिमोग्लोबिन आणि बीपी गावच्या उपकेंद्रात तपासता येतं. पण नाडीसारखा आवाज एकाच कानात कायम असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. कधीकधी कानाजवळच्या रक्तवाहिनीत दोष असतो.

दुसरा प्रकार म्हणजे रातकिड्यांसारखी किर्रकिर्र किंवा कुकरसारखी बारीक शिट्टी. दोन्ही कानांत, आणि रात्री जास्त, कारण रात्री बाहेर शांतता असते. वय झालं की हा होतो, पण आपल्या भागात मोठ्या आवाजातलं कामही आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतं, जळगावात दालमिल आहेत, धुळ्यात यंत्रमाग आहेत, शेतात मळणी यंत्र आहे. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसासारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं मानतात. 100 डेसिबलला पंधरा मिनिटंच. मोजायचं यंत्र कुठून आणणार? हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज जास्त आहे हे समजा. लग्नातल्या डीजेलाही हाच नियम. आपण कापसाचे लोक, कानात कापूसच घालतो. पण त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचे बूच किंवा कानावर बसणारे मफ लागतात. जिनिंगवर जाणाऱ्या गटांनी ते मालकाकडे मागावेत. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तिसरा, कान दडा बसल्यासारखा वाटतो आणि घूं-घूं होतं. इथे बहुतेक मळ साचलेला असतो, नाहीतर सर्दी किंवा कान फुटलेला असतो. गरम तेल, काडी, पिन काही घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन त्रास वाढतो. बाजारात कान साफ करून देणारे बसतात, त्यांच्याकडेही नको.

घुमणारा आवाज, सोबत घर फिरतंय अशी चक्कर, उलटी आणि कमी-जास्त होणारं ऐकू येणं, हा आतल्या कानातल्या पाण्याचा आजार असू शकतो. टक-टक असा, नाडीशी न जुळणारा आवाज कानाच्या किंवा टाळूच्या स्नायूचा असतो. काही औषधांनीही कान वाजतो: जास्त ॲस्पिरिन, क्विनाईन, जेंटामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं. पण औषध मनाने बंद करू नका, ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आणि आवाज नाही, शब्द ऐकू येतात, कुणी बोलतंय असं वाटतं, तर ते वेगळं. त्यासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे. अंगात आलं म्हणून बाईला कोंडून ठेवू नका.

आता घाईचं. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं आणि तो वाजायला लागला, तर सर्दी असेल म्हणून थांबू नका. औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर ऐकू येणं परत येण्याची आशा असते. पंधरवडा गेला की ती फार कमी होते. कापूस वेचणीचे दिवस असले तरी जा. तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं सोबत असेल तर सरळ 108.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट न्या. एक कान की दोन, कधीपासून, नाडीबरोबर की नाही, ऐकू कमी येतं का, चक्कर येते का, हे घरूनच ठरवून जा. ओपीडीत गर्दी असते, ऐनवेळी आठवत नाही.

एका ताईंनी विचारलं, गोळी नाही का? किर्रकिर्र कायमची घालवणारी गोळी अजून नाही. पण मळ काढला, रक्त वाढलं, बीपी आटोक्यात आलं, की त्या-त्या कारणाचा आवाज कमी होतो. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या मशीनने पुष्कळांना आराम पडतो. रात्री पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू ठेवा, झोप लागायला मदत होते.