लोकलच्या तिकिटावर मुंबईची घरे



मुंबई आपणांस ठाऊक आहे ती मोर्च्याची, मंत्रालयाची आणि इस्पितळाची. नांदेडहून देवगिरीने जा की लातूर एक्सप्रेसने जा, सकाळी बोरीबंदरला उतरावयाचे, जवळच आझाद मैदानावर दिवस काढावयाचा आणि रात्रीची गाडी धरावयाची. कामगार संघटनेच्या कामात माझ्या अशा कितीतरी खेपा झाल्या. मैदानावर पुढारी वेळेवर येत नाहीत, हे मी सांगावयास नको. त्या रिकाम्या तासांत मी इमारती पाहावयास लागलो. माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हा मला जे कळते ते बसच्या खिडकीतून आणि वाचनालयातून मिळालेले आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

बोरीबंदरचे स्टेशन फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याचे. दगडात कोरलेली पाने, पक्षी, प्राणी. त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी १९३३ साली रीगल चित्रपटगृहाचा आराखडा केला, तर त्यात सरळ रेषा आणि साधे पृष्ठभाग! बाप-लेकांच्या मध्ये सिमेंट-काँक्रीट आले होते. चर्चगेटकडे जाणारी बेस्टची बस धरून ओव्हल मैदानावर उतरा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३० नंतरच्या गोल कोपऱ्यांच्या, लांब छज्जांच्या चाळवजा नव्हे तर फ्लॅटच्या इमारती. मधून क्रिकेटचा चेंडू जात असतो. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरविले.

पण मला आज सांगावयाचे आहे ते चार्ल्स कोरिया यांच्याविषयी. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादचा, म्हणजे आपल्यासारखाच निजामाच्या राज्यातला. चर्चगेटहून लोकलने ग्रँटरोडला उतरून केम्प्स कॉर्नरच्या बाजूस जा. तेथे टेकडीवर त्यांचा कांचनजंगा हा २८ मजली मनोरा उभा आहे. १९८३ साली तो पुरा झाला. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून प्रत्येक घराच्या कोपऱ्यात, दोन मजले उंच, आकाशात नेऊन ठेवला. खालून पाहताना मला वाटले, ही तर आपली ओसरी! मात्र ओसऱ्या अवघ्या ३२ कुटुंबांच्या, आणि ती कुटुंबे कोणती हे विचारण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी त्यांचे बेलापूरचे काम सुरू झाले, म्हणून परत बोरीबंदरला येऊन हार्बरची लोकल धरा. तास-सव्वा तास लागतो. पुढे बसने आर्टिस्ट व्हिलेज. येथे सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडलेली आहेत. शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक नाहीत. कारण साधे आहे: भिंत ज्याची त्याची असली, म्हणजे पैसे जमतील तशी खोली वाढविता येते, आणि शेजाऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. गरिबाचे घर एकदाच बांधून होत नसते, ते वाढत जाते, हे या आराखड्यात गृहीत धरले आहे. पुष्कळांनी पुढे मूळ घरे पाडून दोन-तीन मजले चढविले. अभ्यासक त्याबद्दल हळहळतात. मला त्यात आराखड्याचा पराभव दिसत नाही.

बेलापूरच्या चौकात मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावे नव्या जागी वसविली. रुंद, सरळ रस्ते आणि ओळीने घरे. भिंती मजबूत झाल्या, ती गरजच होती. पण वाडा गेला, चौक गेला, आणि लोकांनी आपापल्या हाताने पुढे पत्र्याची पडवी काढली. तेथल्या म्हातारीला ओसरी कोठे हवी होती, हे कोणी तिला नीट बसून विचारले असते, तर बेलापूरला जे होऊ शकले ते औशाच्या तालुक्यातही झाले असते. आज घरकुलांचे नकाशे मंजूर होतात तेव्हा आपल्यापैकी किती जण ते उलगडून पाहतात?

परतताना पुन्हा बोरीबंदर गाठू नये. बेलापूरहून ठाण्याची लोकल थेट मिळते. रात्रीची गाडी तेथेच धरावी.