कृष्णाबाईचा उत्सव : चौदा मिनिटांच्या माहितीपटाविषयी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



वाईकरांना कृष्णाबाईचा उत्सव काय सांगायचा? अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ मध्ये, शेंडे शास्त्रींनी शिवाजीमहाराजांच्या यशासाठी कृष्णेला नवस बोलला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. आजही एकेका घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई माहेरवाशिणीसारखी येऊन बसते. कीर्तन, ओटी, हळदीकुंकू, प्रसादाच्या पंगती होतात. परीक्षा तोंडावर असताना आपण अभ्यास सोडून कुठे असायचो, हे बाईंना ठाऊक आहे!

मी इंजिनिअर झाले, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये रमले आणि वीस वर्षे उत्सवाला आलेच नाही. दोन वर्षांपूर्वी सुट्टी काढून आले आणि मोबाइलवर चित्रीकरण केले. आता आपण पाहणार आहोत तो हाच माहितीपट.

पहिली प्रत मी आईला दाखवली. पालखी, रांगोळ्या, दिव्यांची आरास सगळे तिने कौतुकाने पाहिले. शेवटी म्हणाली, "छान झालंय गं. पण कृष्णाबाई कुठाय?"

"आई, मूर्ती तर चार वेळा दाखवलीय."

"मूर्ती नाही. नदी."

मी गप्प झाले. नदी मी मुद्दामच टाळली होती. पाण्यावर प्लास्टिक तरंगत होते, पायरीशेजारून सांडपाणी येत होते. फ्रेम खराब होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी कॅमेरा वर उचलला होता. आमच्या कामात दोष सापडला की त्याची नोंद करतात. तो लपवला तर पुढे महागात पडतो. ऑफिसात हे रोज नव्या मुलांना शिकवणारी मी, गावाच्या बाबतीत मात्र दोष झाकून मोकळी झाले होते.

मग ते दोन मिनिटांचे चित्रण मी परत जोडले. ओटी भरून झाल्यावर एक आजी वाकून पाण्यातली पिशवी उचलते आणि कमरेला खोचते, हेही त्यातच आहे. पहिल्या प्रतीत मी तिलाही कापून टाकले होते.

माहितीपट पाहून टाळ्या वाजवा, मला आवडेल. पण उद्या सकाळी सात वाजता गणपती घाटावर या. आपण तीस-पस्तीस जण तरी आहोत. हातमोजे आणि पोती मी आणली आहेत.