दोन वेटोळ्यांचा हिशेब

श्रोतेहो, मोबाईल नुसता तबकडीवर ठेवला की त्यात वीज भरते, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. तबकडीत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते, मोबाईलमध्ये दुसरे. पहिल्यातला प्रवाह सेकंदाला लाखाहून अधिक वेळा मागेपुढे होतो आणि त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने दुसऱ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविले तेच हे तत्त्व.

तार फार तापू नये म्हणून कधी कधी सारखी दोन वेटोळी समांतर जोडतात. प्रवाह वाटला जातो, रोध निम्म्यावर येतो. मग इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला वेटोळे किती अडवते त्याचे माप, तेही निम्मे होईल, असे कोणालाही वाटेल. आमच्या विद्यार्थ्यांना वाटले, आणि खरे सांगायचे तर मीही मान डोलावली. एकेक वेटोळे २४ मायक्रोहेन्रीचे. संगणकावर सर्किट मांडले, उत्तर आले १२. त्या आकड्याला १ लाख कंप्रतेवर जुळेल असा कपॅसिटर बसविला. पलीकडचा दिवा मात्र मिणमिणतच राहिला! मीटर लावून पाहिले, तर १८.

संगणकाचा यात काही दोष नव्हता. विहिरीवरून दोन पाट काढले, तर एका पाटातले पाणी दुसऱ्यातल्या पाण्याला ओढीत नाही. एकावर एक ठेवलेल्या वेटोळ्यांचे तसे नसते. एकाचे क्षेत्र दुसऱ्यातून जाते. हे जे परस्पर प्रवर्तन, ते आम्ही मांडलेच नव्हते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात तयार होऊन १९७३ साली पुढे आलेली ‘स्पाईस’ नावाची संगणक-प्रणाली अशा कामाला वापरतात. तिच्यात या संबंधासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. ती राहिली, की दोन्ही वेटोळी जणू दोन गावांत आहेत असे धरून ती हिशेब करते.

सारख्या वेटोळ्यांचे सूत्र सोपे आहे. एकाच्या इंडक्टन्समध्ये परस्पर प्रवर्तनाचा आकडा मिळवा आणि निम्मे करा. आमचा तो आकडा १२ होता. २४ आणि १२ मिळून ३६, त्याचे निम्मे १८. एक वेटोळे उलटे जोडले, तर बेरजेऐवजी वजाबाकी, आणि उत्तर अवघे ६. दोन्ही तारा एकत्रच गुंडाळल्या, तर उत्तर जवळजवळ २४, म्हणजे एकट्या वेटोळ्याइतकेच! आमचा कपॅसिटर १२ च्या भरवशावर निवडलेला. त्यामुळे १ लाखाऐवजी सुमारे ८२ हजारांवर सूर लागला. दिवा कसा पेटणार?

शिक्षक मित्रांनो, परस्पर प्रवर्तन मोजणे अवघड नाही. दोन्ही वेटोळी एकसर जोडा आणि माप घ्या. मग एकाची टोके उलटी करून पुन्हा घ्या. मोठ्या मापातून लहान वजा करून ४ ने भागा. आमची मापे ७२ आणि २४ आली. फरक ४८, म्हणून १२. ‘स्पाईस’च्या ओळीत मात्र १२ लिहायचे नाहीत, १२ भागिले २४, म्हणजे ०.५ लिहायचे. मोजताना वेटोळी जागची हलवू नका, सुरुवातीच्या टोकांना लाल दोरा बांधा, आणि हो, खाली लोखंडी टेबल नको.